स्त्रीहट्टाचे रंग

चित्रातल्या बाईला आपण शतकानुशतके पाहत आलो. ती आपल्याकडे कधी पाहणार? लखनौच्या कलाशाळेत शिकलेल्या गोगी सरोज पाल यांनी हा प्रश्न आयुष्यभर रंगांतून विचारला. कामधेनू, किन्नरी आणि हठयोगिनी यांच्या रूपाने त्यांनी रंगवलेल्या बाईची ही ओळख.

राजहट्ट, बालहट्ट आणि स्त्रीहट्ट यांच्यापुढे कोणाचे काही चालत नाही, असे आपल्याकडे म्हटले जाते. राजाचा हट्ट इतिहासात जमा होतो, मुलाचा कौतुकात. बाईच्या हट्टाची गोष्ट मात्र कैकेयीपासून सुरू होते आणि बहुधा तिच्यापाशीच संपते. घर मोडणारी, नवऱ्याला अडचणीत आणणारी ती हट्टी बाई! गंमत अशी, की हाच ‘हठ’ शब्द योग्याच्या नावामागे लागला की त्याचे तप होते. शरीर आणि मन ताब्यात ठेवणाऱ्या हठयोग्यापुढे आपण हात जोडतो. मग हट्ट धरणाऱ्या बाईला हठयोगिनी का म्हणू नये?

हा प्रश्न गोगी सरोज पाल यांनी शब्दांत कमी आणि रंगांत जास्त विचारला. ‘हठयोगिनी’ ही त्यांची गाजलेली चित्रमालिका. २७ जानेवारी २०२४ रोजी, वयाच्या ७८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. भारतातल्या स्त्रीवादी चित्रकर्तींच्या पहिल्या पिढीत त्यांचे नाव घेतले जाते. महाराष्ट्रातल्या सर्वसामान्य घरांपर्यंत मात्र ते फारसे पोहोचलेले नाही. वास्तविक त्यांच्या चित्रांचा विषय प्रत्येक घरातला आहे. बाईने आपल्या मनासारखे वागायचे ठरवले, तर ती दिसेल कशी?

पाहणारा कोण, दिसणारी कोण?

आपल्या घरांत चित्रातली बाई आली ती मुख्यतः राजा रविवर्म्यांच्या छापील चित्रांतून. १८९४ साली त्यांचा छापखाना मुंबईत सुरू झाला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथून निघालेल्या लक्ष्मी, सरस्वती, दमयंती आणि शकुंतला देशभरच्या भिंतींवर विराजमान झाल्या. त्यांच्यापैकी कितीतरी जणींच्या अंगावर आपले नऊवारी लुगडे होते, म्हणून मराठी घरांना त्या फारच जवळच्या वाटल्या. ही चित्रे सुंदर आहेत, यात शंका नाही. पण त्यांतल्या मानवी नायिका काय करतात ते पाहावे. शकुंतला पायातला काटा काढायच्या मिषाने मागे वळून दुष्यंताला शोधते. दमयंती हंसाकडून नळाची वार्ता ऐकते. कोणी पत्राची वाट पाहते, कोणी लाजते. चित्राच्या मध्यभागी बाई असली, तरी गोष्ट चित्राबाहेर असलेल्या पुरुषाची असते.

ही रीत रविवर्म्यांनी सुरू केलेली नाही. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात आठ नायिका सांगितल्या आहेत. प्रियकराच्या वाटेकडे डोळे लावून सजलेली वासकसज्जा, त्याच्या भेटीला निघालेली अभिसारिका, त्याच्याशी भांडून पस्तावणारी कलहांतरिता, त्याने फसवलेली विप्रलब्धा, तो परगावी गेलेली प्रोषितभर्तृका... आठही जणींची ओळख एकाच गोष्टीवरून ठरते. ‘तो’ कुठे आहे आणि कसा वागतो आहे? राजपूत आणि पहाडी लघुचित्रांत याच नायिका शेकडो वेळा रंगवल्या गेल्या. एखादी नायिका एकटीच बसून स्वतःचा विचार करते आहे, अशी नववी जागा मात्र या यादीत नाही.

आणखी एक उदाहरण तर अगदी मराठी घरातले. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात एक जलरंगातले चित्र आहे. एका हातात दिवा आणि दुसऱ्या हाताचा ज्योतीला आडोसा, अशी एक तरुणी उभी आहे. बोटांच्या फटींतून झिरपणारा तो प्रकाश पाहायला आजही गर्दी होते. अनेकजण ते रविवर्म्यांचे चित्र समजतात. प्रत्यक्षात ते सावंतवाडीत जन्मलेले चित्रकार सावळाराम हळदणकर यांनी १९४५-४६ च्या सुमारास काढले. त्यासाठी उभी राहिली होती ती त्यांची मुलगी गीता. त्या गीता उपळेकर २०१८ साली कोल्हापूरला वयाच्या १०२ व्या वर्षी वारल्या, तेव्हा कुठे कितीतरी लोकांना कळले, की त्या दिव्यामागच्या चेहऱ्याला नावही होते.

लखनौची पाच वर्षे

गोगी सरोज पाल यांचा जन्म १९४५ चा, उत्तर प्रदेशातल्या निओली गावचा. घराण्याला स्वातंत्र्यलढ्याची पार्श्वभूमी होती. क्रांतिकारक आणि हिंदीतले थोर कादंबरीकार यशपाल हे त्यांचे काका. तुरुंगातून सुटल्यानंतर यशपाल लखनौलाच राहिले आणि तिथूनच त्यांनी ‘विप्लव’ हे मासिक काढले. फाळणीवरची त्यांची ‘झूठा सच’ ही कादंबरी प्रसिद्ध आहे. तिच्यातली तारा अत्याचार सोसूनही पुन्हा उभी राहते आणि आपल्या आयुष्याचे निर्णय आपण घेते. असे लेखन ज्या घराण्यात होत होते, तिथली मुलगी पुढे बाईचेच चित्र काढत राहिली, याचे फारसे आश्चर्य वाटायला नको.

काही काळ राजस्थानातल्या वनस्थळी इथे शिकल्यावर १९६२ मध्ये त्या लखनौच्या सरकारी कला महाविद्यालयात दाखल झाल्या. १९११ साली स्थापन झालेली ही संस्था. १९२५ मध्ये बंगाली चित्रकार असितकुमार हळदार तिचे प्राचार्य झाले आणि बंगालच्या चित्रशैलीचे वळण तिथे रुजले. हळुवार जलरंग, पुराणातले प्रसंग, लवचिक रेषा. १९६७ पर्यंत गोगी तिथे शिकल्या. त्यानंतर दिल्लीच्या कॉलेज ऑफ आर्टमध्ये त्यांनी पुढचे शिक्षण घेतले आणि दिल्लीलाच त्या स्थायिक झाल्या.

मुलीने चित्रकला शिकणे आणि चित्रकार होणे, यांत त्या काळी मोठे अंतर होते. भरतकाम, रांगोळी, थोडी चित्रकला ही लग्नाच्या बाजारात जमेची बाजू समजली जाई. पण ‘मी चित्रे काढूनच जगणार’ असे मुलीने म्हटले, की घराघरांत प्रश्न उभा राही. गोगींनी ते केले. तैलरंग, छापचित्रे, मातीकाम, विणकाम असे नाना प्रकार त्यांनी हाताळले. त्यांची खरी ओळख ठरली ती मात्र कागदावरच्या ‘ग्वाश’ चित्रांनी. ग्वाश म्हणजे अपारदर्शक जलरंग. शाळेतल्या पोस्टर कलरची ही थोरली बहीण म्हणता येईल. हा रंग सपाट, दाट आणि ठसठशीत बसतो. आपल्या जुन्या लघुचित्रांतले रंगही याच जातीचे. म्हणजे ज्या तऱ्हेच्या रंगांनी एकेकाळी वाट पाहणाऱ्या नायिका सजल्या, त्याच रंगांनी गोगींनी वाट न पाहणारी बाई रंगवली.

मलिहाबादच्या निळ्या रेषा

लखनौहून साधारण पंचवीस किलोमीटरवर मलिहाबाद आहे. दशहरी आंब्यांच्या बागांसाठी आणि जोश मलिहाबादी या शायरासाठी हे गाव देशभर माहीत आहे. आंब्याचा हंगाम संपला, की बागा सुन्या होतात. पण मलिहाबाद आणि काकोरीच्या आसपासच्या गावांत आणखी एक काम वर्षभर चालते. घराच्या पडवीत, अंगणात बसून बायका चिकनकारी करतात.

हे काम कसे होते, ते समजून घेण्यासारखे आहे. आधी कापडावर लाकडी ठशांनी निळसर कच्च्या रंगात नक्षी उमटवतात. ते काम बहुतेक पुरुषांचे. छापलेले कापड गावात येते आणि बायका त्या रेषांवरून टेपची, बखिया, मुर्री, फंदा, जाळी असे टाके घालतात. भरून झालेले कापड धुलाईला जाते. तिथे निळी रेष निघून जाते आणि पांढऱ्यावर पांढरा दोरा तेवढा उरतो. लखनौच्या दुकानात तो सदरा टांगला जातो तेव्हा त्यावर दुकानाचे नाव असते, शहराचे नाव असते. जिची नजर आणि बोटे त्यात खर्ची पडली, तिचे नाव कुठेही नसते. पिढ्यान्पिढ्या या बायकांना मध्यस्थ देईल त्या मजुरीवर समाधान मानावे लागले. १९८४ मध्ये रूना बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सेवा लखनौ’ ही संघटना सुरू केली. त्यामुळे अनेक कारागीर बायकांना दलालाला बाजूला सारून आपला माल विकण्याचा मार्ग मिळाला.

दुसऱ्याने छापलेल्या रेषेवरून टाके घालायचे आणि आपले नाव लागू द्यायचे नाही, हे केवळ चिकनच्याच कामात घडते का? चांगली मुलगी, चांगली सून, चांगली आई यांचे ठसे तयारच असतात. बाईचे आयुष्य त्या रेषांच्या आत भरले जाते. गोगी सरोज पाल यांच्या चित्रांकडे या बाजूने पाहिले, की त्यांचे मोल लक्षात येते. ठसा बाजूला ठेवून त्यांनी कोऱ्या कागदावर स्वतःची रेषा ओढली.

कामधेनूला काय हवे?

गोगींनी बाईला पुराणातली रूपे दिली, पण त्यांचा अर्थ उलटसुलट करून पाहिला. त्यांची ‘कामधेनू’ घ्या. समुद्रमंथनातून निघालेली, मागेल त्याची इच्छा पुरवणारी गाय. गोगींच्या चित्रात शरीर गाईचे आणि चेहरा बाईचा आहे. पाहताक्षणी आधी मौज वाटते. मग हळूहळू अंगावर काटा येतो. सकाळी सर्वांच्या आधी उठणारी, प्रत्येकाचा डबा, प्रत्येकाचे पथ्य, प्रत्येकाचे वेळापत्रक सांभाळणारी बाई कोणत्या घरात नाही? तिला आपण कौतुकाने ‘घरची कामधेनू’, ‘घरची लक्ष्मी’ म्हणतो. वसिष्ठ आणि विश्वामित्र कामधेनूसाठी भांडले. तिला कुठे राहायचे आहे, याला त्या भांडणात कितीसे महत्त्व होते? सगळ्यांच्या इच्छा पुरवणारीला स्वतःची इच्छा असते, हे या चित्रातले डोळे सांगतात.

‘किन्नरी’ ही अर्धी पक्षीण, अर्धी बाई. किन्नर आपल्या परंपरेत स्वर्गीय गायक मानले जातात. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतही ते आढळतात. गोगींच्या किन्नरीला पंख आहेत, पण ती बहुधा जमिनीवरच बसलेली दिसते. तिला उडता येत नाही, की उडू दिले जात नाही, की उडायचे केव्हा हे ती स्वतः ठरवणार आहे? चित्र उत्तर देत नाही. शिकलेल्या, पदवी घेतलेल्या आणि तरीही ‘विचारून सांगते’ म्हणणाऱ्या कितीतरी जणींना या चित्रापुढे उभे राहिल्यावर स्वतःची आठवण येईल.

आणि ‘हठयोगिनी’! ती घट्ट बैठक मारून बसते, कधी शरीराला पीळ देते, कधी वाघासारख्या जनावराला सोबत घेते. मोकळे काळेभोर केस, मोठे डोळे, रंगवलेले तळहात. तिच्यात कालीचा भास होतो, पण ती देव्हाऱ्यातली देवी नाही. देवीला आपण नमस्कार करून मोकळे होतो. हठयोगिनीला तसे टाळता येत नाही, कारण ती सरळ आपल्याकडे पाहते. गोगींच्या जवळजवळ सर्वच बायकांची ही खूण आहे. त्या नजर खाली घालत नाहीत, तिरपा कटाक्षही टाकत नाहीत. पाहणाऱ्यालाच थोडे अवघडल्यासारखे होते. आजवर जिला निवांत पाहत होतो, ती आता आपल्याला पाहते आहे!

अंगावर वस्त्र का नाही?

गोगींच्या कितीतरी चित्रांत बाई विवस्त्र आहे. घरातल्या मुलाबाळांसह चित्रप्रदर्शन पाहणाऱ्यांना इथे संकोच वाटू शकतो आणि तो समजण्यासारखा आहे. पण थोडे थांबून पाहावे. जाहिरातीतली, सिनेमाच्या पोस्टरवरची तोकड्या कपड्यांतली बाई आपण रोज रस्त्यावर पाहतो. तिथे तिचे शरीर दुसऱ्याला काहीतरी विकण्यासाठी मांडलेले असते. ती कोणाच्या तरी नजरेसाठी उभी असते.

गोगींच्या चित्रातली बाई कोणासाठीच उभी नाही. शालू, मंगळसूत्र, बांगड्या, पदर यांवरून आपण बाई कोणाची, कोणत्या जातीची, लग्नाची की बिनलग्नाची, सधवा की विधवा हे क्षणात ओळखतो. ही सगळी लेबले उतरवली, की उरते ती नुसती एक व्यक्ती. म्हणूनच ते शरीर मोहक बनवण्याचा खटाटोप या चित्रांत नाही. लहान मूल अंगावर कपडे नसताना जितके निःसंकोच असते, तितकीच ही बाई निःसंकोच आहे. संकोच वाटतो तो पाहणाऱ्याला, आणि तो का वाटतो याचा विचार ज्याने त्याने करायचा.

अर्थात सर्वांना हे पटेलच असे नाही. पुराणातल्या प्रतिमांना असे हात लावू नये, असे मानणारे लोक आहेत. उलट, बाईचे दुःख सांगायला पुराणाची गरजच काय, असे म्हणणारेही आहेत. पण ज्या कथा आजीच्या तोंडून ऐकल्या, त्यांच्याशीच वाद घालणे ही आपली जुनी रीत आहे. ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिताना पुराणातल्या देवादिकांनाही जाब विचारलाच होता.

सही कोणाच्या नावाची?

चित्राच्या कोपऱ्यातली सही ही लहानशी बाब वाटते, पण बाईच्या बाबतीत ती लहान नसते. आपल्याकडे लग्नानंतर ताटातल्या तांदळात नवे नाव लिहून सुनेचे जन्माचे नाव बदलण्याची पद्धत आहे. विसाव्या वर्षापर्यंत एका नावाने केलेली चित्रे मग कोणाची? गोगींचे पती वेद नायर हेही नामवंत चित्रकार. तरीही कलाजगतात त्या अखेरपर्यंत गोगी सरोज पाल याच नावाने ओळखल्या गेल्या. १९९० मध्ये त्यांना ललित कला अकादमीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांची चित्रे आहेत.

त्यांच्या आधीही काहीजणींनी ही वाट चोखाळली होती. अमृता शेरगिल पॅरिसहून शिकून १९३४ च्या अखेरीस भारतात परतल्या. उत्तर प्रदेशात गोरखपूरजवळ सराया इथे त्यांच्या घराण्याची जमीनदारी होती. तिथल्या बायकांचे बंदिस्त, संथ जग त्यांनी १९३८ च्या ‘इन द लेडीज एन्क्लोजर’सारख्या चित्रांत आणले. त्यांच्या ‘तीन मुली’ या चित्राला १९३७ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. १९४१ मध्ये अवघ्या २८ व्या वर्षी त्या गेल्या. २०२३ साली त्यांचे ‘द स्टोरी टेलर’ हे चित्र ६१ कोटी ८० लाख रुपयांना विकले गेले. तोवर कोणत्याही भारतीय चित्राला लिलावात एवढी किंमत आली नव्हती.

महाराष्ट्रातही १९३१ साली अंबिका धुरंधर या मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेची पदविका घेणाऱ्या पहिल्या काही स्त्रियांपैकी एक ठरल्या. नागपूरजवळच्या बेला इथे १९३३ मध्ये जन्मलेल्या बी. प्रभा यांनी कोळणी, कष्टकरी बायका, पाणी भरणाऱ्या बायका उंच, सडपातळ आकृतींतून रंगवल्या. त्यांच्या बायका मान झुकवून सोसतात. गोगींच्या बायका मान वर करून विचारतात. दोन्ही खऱ्या आहेत आणि बहुधा एकाच घरात राहतात.

१९८७ मध्ये नलिनी मलानी, अर्पिता सिंह, माधवी पारेख आणि नीलिमा शेख या चौघींनी एकत्र येऊन भोपाळच्या भारत भवनपासून एक फिरते प्रदर्शन सुरू केले. गोगींच्या कामधेनू, किन्नरी याच सुमारास आणि त्यापुढच्या काळात आकाराला आल्या. म्हणजे एकाच वेळी देशाच्या वेगवेगळ्या भागांत बायका बाईचे चित्र नव्याने काढत होत्या.

घरातली चित्रवही

याचा आपल्या घराशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. संबंध आहे तो मुलीच्या चित्रवहीपासून. सातआठ वर्षांची मुलगी ‘आई’ काढते, तेव्हा आईच्या हातात ती काय देते ते एकदा पाहावे. लाटणे, पिशवी, झाडू, पर्स, पुस्तक? ‘बाबा’च्या हातात काय आहे? मुलांनी पाहिलेले घर त्या पानावर कोणतीही भीड न ठेवता उतरलेले असते. आणि तिने स्वतःला काढले असेल, तर त्या चित्रातली मुलगी काय करते आहे? नुसती फ्रॉक घालून उभी आहे, की झाडावर चढते आहे?

मुलांना घेऊन चित्रसंग्रहालयात जायची सवय आपल्याकडे कमी आहे. दिल्लीला गेलो तर लाल किल्ला पाहतो, जयपूर हाऊसमधले राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय राहून जाते. मुंबईतही १९९६ पासून त्याची शाखा आहे. तिथे गेल्यावर फार काही समजले पाहिजे असे नाही. बाईच्या कोणत्याही चित्रासमोर उभे राहून तीन साधे प्रश्न विचारले तरी पुरे. ही काय करते आहे? कोणाकडे पाहते आहे? आणि हिला काय हवे आहे?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत अवघड. घरी आल्यावर तोच प्रश्न चित्राबाहेरच्या बाईला विचारला, तर ती कदाचित आधी हसेल आणि ‘मला काय हवंय!’ म्हणून स्वयंपाकघरात जाईल. तेवढ्यावर सोडू नये. पुन्हा विचारावे. एवढा हट्ट धरायला हरकत नाही.